दीड पेनी आणि चाळीस पौंड

७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनवर जर्मन विमानांचे मोठे हल्ले सुरू झाले आणि पूर्व लंडनमधल्या गोदीकामगारांच्या वस्त्या पेटल्या. लोकांना जीव वाचवायला जागा हवी होती. शहराच्या पोटात 'ट्यूब' या भुयारी रेल्वेची मैलोन् मैल खोल भुयारं होती, पण रात्र काढायला त्यांत शिरायची सरकारने मनाई केली होती. पहिल्या महायुद्धात याच ट्यूब स्टेशनांचा निवारा झाला होता. या खेपेला अधिकाऱ्यांना वेगळीच धास्ती होती. लोक एकदा खाली गेले की वर यायचं नाव घेणार नाहीत, कामावर जाणार नाहीत, सैन्याच्या आणि कामगारांच्या गाड्या अडतील. लोकांच्या या संभाव्य वृत्तीला त्यांनी 'डीप शेल्टर मेंटॅलिटी' (खोल निवाऱ्याची मानसिकता) असं भारदस्त नावही देऊन टाकलं होतं.

लंडनच्या गरिबांनी त्यावर साधा तोडगा काढला. दीड पेनीचं सगळ्यांत स्वस्त तिकीट काढायचं, अंथरूण-पांघरूण काखोटीला मारून खाली उतरायचं आणि सकाळपर्यंत वर यायचंच नाही. तिकीट काढलेल्या प्रवाशाला हाकलणार कसं? लिव्हरपूल स्ट्रीटसारख्या ठिकाणी तर गर्दीच्या रेट्यापुढे दारं उघडावी लागली. दोन-तीन आठवड्यांत सरकारने हात टेकले. त्याच महिन्याच्या अखेरीस एका रात्री मोजदाद झाली तेव्हा ट्यूबमध्ये सुमारे १,७७,००० माणसं झोपलेली होती.

हे आठवायचं कारण असं की त्या भुयारांच्या बंद पडलेल्या भागांत जायला आज पुन्हा तिकीट काढावं लागतं. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम 'हिडन लंडन' या नावाने या फेऱ्या चालवतं. ऑल्डविच, डाउन स्ट्रीट, युस्टन, चेअरिंग क्रॉस, पिकॅडिली सर्कस, क्लॅपम साउथ. छोटा गट, सोबत गाइड, पायात सपाट बूट, आणि तास-दीड तासाची फेरी. मोठ्या माणसाचं तिकीट बहुतेक ठिकाणी चाळीस पौंडांच्या पुढे जातं, डाउन स्ट्रीटचं तर त्याहून बरंच महाग. १९४० मध्ये एका पौंडात दीड पेनीची १६० तिकिटं येत होती. महागाईचा हिशेब धरला तरी ते तिकीट आजच्या अर्ध्या पौंडाच्या आसपासच भरेल.

या फेऱ्या बंद कराव्यात असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्या आहेत म्हणूनच या जागा आज शाबूत आहेत. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक म्हणजे किंमत. दुसरी म्हणजे त्या किमतीचं समर्थन व्हावं म्हणून या जागांवर चढवलेलं गुपिताचं वेष्टन. ज्या जागा लोकांनी हट्टाने आपल्याशा केल्या, त्या आता हौशी लोकांना 'खास अनुभव' म्हणून विकल्या जातात, आणि विकताना त्यांच्या इतिहासातला खपणारा भागच पुढे येतो.

मुळात या जागा लपलेल्या का आहेत, हे एकदा नीट पाहू. त्यात गूढ असं फारसं काही नाही. १९०६-०७ च्या सुमारास चार्ल्स यर्क्स या अमेरिकन भांडवलदाराच्या कंपनीने एकदम तीन ट्यूब मार्ग काढले. त्यांच्या स्टेशनांचा वास्तुविशारद होता लेस्ली ग्रीन. चकचकीत गडद लाल टाइलच्या त्याच्या इमारती लंडनमध्ये आजही लांबून ओळखू येतात. प्रत्येक स्टेशनाच्या फलाटावर टाइलच्या रंगांची वेगळी नक्षी त्याने दिली. एवढा डोलारा उभा करून हा माणूस १९०८ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला. (यर्क्सही स्वतःच्या ट्यूब गाड्या धावताना पाहायला उरला नाही. तो १९०५ च्या डिसेंबरातच वारला.) ही स्टेशनं लिफ्टवर चालायची. पुढे सरकते जिने आले, जिने वेगळ्या कोनातून खाली उतरू लागले, आणि जुने लिफ्टचे कूपक व त्यांना जोडणाऱ्या वाटा कुणाच्याच उपयोगाच्या राहिल्या नाहीत. काही स्टेशनं तर मुळातच चुकीच्या जागी होती. डाउन स्ट्रीट १९०७ मध्ये उघडलं ते मेफेअरमध्ये. तिथल्या रहिवाशांकडे स्वतःच्या घोडागाड्या आणि मोटारी होत्या, आणि दोन्ही बाजूंची स्टेशनं चार पावलांवर. १९३२ मध्ये ते बंद झालं. ऑल्डविच १९९४ पर्यंत तगलं. शेवटी रोजचे जेमतेम साडेचारशे प्रवासी उरले होते आणि लिफ्ट मात्र नव्याने बसवायची वेळ आली होती.

बंद झाल्या तरी यातल्या कित्येक जागा मेलेल्या नाहीत. जुने कूपक आज हवा खेळती ठेवायचं काम करतात. बोगद्यांभोवतीची चिकणमाती शतकभर गाड्यांची उष्णता शोषत आली आहे. सुरुवातीला ती १४ अंशांच्या आसपास होती, आता काही ठिकाणी विशीच्या बरीच वर गेली आहे. एके काळी 'उन्हाळ्यात थंडाव्यासाठी ट्यूबने जा' अशी जाहिरात केली जायची, यावर आज घामाघूम उभ्या प्रवाशाचा विश्वास बसणार नाही. तेव्हा रेल्वेचे इंजिनिअर या भागांत गर्दी नको म्हणतात त्यालाही अर्थ आहे.

युस्टनची फेरी मला सगळ्यांत आवडते, कारण तिथे नाट्य कमी आणि वस्तू जास्त आहेत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी तिथे दोन वेगवेगळी स्टेशनं खोदली आणि मग प्रवाशांना एका गाडीतून दुसरीत जाता यावं म्हणून जमिनीखालीच एक जोडवाट काढली. त्या वाटेत, भुयाराच्या पोटात, एक तिकीटखिडकी होती. मार्ग बदलायचा तर नव्या कंपनीचं तिकीट तिथेच काढायचं. व्हिक्टोरिया लाइनच्या कामासाठी १९६२ मध्ये ही वाट बंद झाली आणि भिंतीवरच्या जाहिराती तशाच राहिल्या. कागद जिथे पोपडे धरून सुटला आहे तिथे खालच्या जुन्या पोस्टरचा तुकडा डोकावतो, त्याच्याखाली आणखी एकाचा. नव्या पोस्टरवर पुढचं पोस्टर चिकटवणारा माणूस एके दिवशी यायचा थांबला, एवढंच. पुढे हवेच्या वाटेतली एक जाळी लागते. तिच्यातून खाली पाहिलं की थेट चालू फलाट दिसतो. प्रवाशांची डोकी, टोप्या, बॅगा, फोनचे उजळलेले पडदे. त्यांना वर कुणी उभं आहे याचा पत्ता नसतो.

त्या जाळीपाशी गटातल्या लोकांची कुजबुज हमखास सुरू होते. गंमत वाटते, हे कबूल. पण ती गंमत कसली आहे? 'त्यांना ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे' याची. सगळ्या फेऱ्यांची विक्री याच भावनेवर उभी आहे, आणि खालचा माणूस हा त्या जागेचा आपल्याइतकाच धनी आहे हे वर उभं राहून विसरायला होतं.

वेष्टनामुळे इतिहास कसा वाकतो ते पाहायचं तर डाउन स्ट्रीटला जावं. स्टेशन बंद होऊन सात-आठ वर्षं झाली होती, तेव्हा युद्धकाळात देशभरच्या रेल्वेचं नियंत्रण करणाऱ्या समितीने तिथे आपलं कार्यालय थाटलं. फलाटांच्या कडेला भिंती घातल्या, आत खोल्या, टेलिफोनची यंत्रणा, झोपायची सोय, न्हाणीघरं केली. बाहेरून पिकॅडिली लाइनच्या गाड्या धडधडत जात होत्या, आजही जातात. समितीच्या माणसांना चढता-उतरता यावं म्हणून फलाटाचा एक छोटा तुकडा मोकळा ठेवला होता. १९४० च्या उत्तरार्धात, मंत्रिमंडळाच्या तळघराची मजबुती चालू असताना, चर्चिल काही रात्री इथे झोपले. त्यांचे सेक्रेटरी जॉन कोलव्हिल यांनी डायरीत इथल्या जेवणाची नोंद ठेवली आहे. लंडनमध्ये दुर्मीळ झालेलं कॅव्हिअर, उत्तम शॅम्पेन, १८६५ ची ब्रँडी, सिगार.

आता त्याच रात्री, थोड्या अंतरावरच्या इतर फलाटांवर काय चाललं होतं? शेजारी-शेजारी दाटीवाटीने पडलेली कुटुंबं, बादलीचे संडास, डास, उवा, सकाळी पहिल्या गाडीआधी गुंडाळायची अंथरुणं. ऑल्डविचची गाडी तर सप्टेंबर १९४० मध्ये बंदच केली आणि स्टेशन निवाऱ्याला दिलं, ती १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाली. 'डीप शेल्टर मेंटॅलिटी'ची भीती गोदीकामगारांच्या बायकापोरांबद्दल होती. पंतप्रधान खोल भुयारात झोपले तेव्हा ती कुणाला वाटली नाही. चर्चिलनी तिथे झोपू नये असं मी म्हणत नाही, युद्ध चालवणारा माणूस सुरक्षित हवाच. पण तोच न्याय बाकीच्यांना लावायला दंडेली करावी लागली, हा त्या भुयारांचा खरा राजकीय इतिहास आहे. गाइड हे सांगत नाहीत असं नाही. बहुतेक गाइड जाणकार असतात, विषयावर जीव असणारे असतात, आणि विचारलं तर भरभरून सांगतात. पण तिकीट खपतं ते चर्चिलच्या नावावर, आणि लोक फोटो काढतात ते न्हाणीघरातल्या टबाचे.

बेथनल ग्रीनचं उदाहरण तर या 'हिडन'पणाची पुरती उलटतपासणी आहे. ३ मार्च १९४३ च्या संध्याकाळी भोंगा वाजला. अजून पूर्ण न झालेल्या, निवारा म्हणून वापरात असलेल्या त्या स्टेशनात लोक शिरत होते. जवळच्या बागेतून विमानविरोधी रॉकेटांचा आवाज झाला, गर्दी पुढे लोटली, अंधारात ओल्या पायऱ्यांवर कुणीतरी पडलं आणि मागची माणसं एकमेकांवर कोसळत गेली. १७३ माणसं गुदमरून मेली, त्यात ६२ मुलं. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. चौकशी झाली, पण अहवाल युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवला. आणि जिना? तो कधीच लपलेला नव्हता. आजही हजारो लोक त्यावरून रोज गाडीला जातात. तिथलं मोठं स्मारक पुरं व्हायला २०१७ साल उजाडलं, तेही स्थानिक लोकांनी वर्षानुवर्षं पैसे गोळा करून. बंद दारामागे काय असेल या कुतूहलाला भाव मिळतो. डोळ्यांसमोरच्या जिन्याच्या वाट्याला मात्र वर्गणीची पेटी येते.

आता पैशांचा मुद्दा, कारण माझ्याशी वाद घालणारा माणूस तिथूनच सुरुवात करेल. म्युझियम ही धर्मादाय संस्था आहे. लंडनच्या वाहतूक यंत्रणेला रोजच्या खर्चासाठी केंद्राकडून मिळणारं नियमित अनुदान २०१८ मध्ये थांबलं. जुन्या भुयाराची डागडुजी, दिवे, प्रशिक्षित माणसं हे सगळं फुकट होत नाही. शिवाय फेऱ्या नसत्या तर काय झालं असतं, याचा नमुना समोर आहेच. ब्रॉम्प्टन रोड स्टेशन १९३४ मध्ये बंद झालं, युद्धात विमानविरोधी तोफांच्या नियंत्रणासाठी वापरलं गेलं, आणि २०१४ मध्ये संरक्षण खात्याने ते आलिशान घरं करायला ५ कोटी ३० लाख पौंडांना विकून टाकलं. आलिशान घरांपुढे चाळीस पौंडांची फेरी केव्हाही परवडली.

हे सगळं मला मान्य आहे. पण यातून एवढंच सिद्ध होतं की पैसा कुठून तरी यायला हवा. तो प्रत्येक वेळी पाहणाऱ्याच्याच खिशातून यायला हवा, हे सिद्ध होत नाही. याच जागा सिनेमा आणि मालिकांच्या चित्रीकरणाला भाड्याने दिल्या जातात. ऑल्डविच त्यासाठी प्रसिद्ध आहे. चेअरिंग क्रॉसचे ज्युबिली लाइनचे फलाट 'स्कायफॉल'मध्ये दिसतात. ते फलाट १९७९ मध्ये थाटामाटात उघडले आणि १९९९ मध्ये बंद झाले, कारण पूर्वेकडे जायचा मूळ मार्ग बदलून रेल्वे नदीच्या दक्षिणेकडून कॅनरी वॉर्फला नेली. वीस वर्षांत मोडीत निघालेलं जनतेच्या पैशाचं काम आत जाऊन पाहायला मिळणं, ही कुठल्याही शहरातल्या करदात्याच्या फायद्याची गोष्ट. त्या पाहण्यासाठी करदात्याकडून पुन्हा चाळीस पौंड घेणं जरा अतिच होतं.

समोरच्याचा दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी किंग्ज क्रॉसला लाकडी सरकत्या जिन्याखाली पडलेल्या एका पेटत्या काडीने आग लागली आणि ३१ माणसं दगावली. त्यानंतर ट्यूबचे नियम बदलले, सवयी बदलल्या. अरुंद गोल जिना, एकच वाट, शेजारून धावणाऱ्या गाड्या, अशा ठिकाणी झुंडीने माणसं सोडा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. गट छोटे असणार, जागा कमी असणार. पण जागा कमी असल्या म्हणजे त्या पैसेवाल्यालाच मिळाव्यात, हा निष्कर्ष कुठून आला? कमी जागा वाटायच्या सोडत, राखीव जागा, शाळांचा कोटा अशा कितीतरी रीती आहेत. आणि ज्याला जिना चढता येत नाही, व्हीलचेअरवर आहे, त्याला तर आज चाळीस पौंड मोजूनही यातल्या बहुतेक ठिकाणी प्रवेश नाही. ऑनलाइन फेऱ्या निघाल्या हे चांगलं झालं. पण पडद्यावर पाहून तिथल्या हवेचा वास येत नाही.

इतर शहरांनी यातून वाट काढलेली आहे. माद्रिदचं चांबेरी स्टेशन १९१९ चं, म्हणजे तिथल्या पहिल्यावहिल्या मेट्रो मार्गावरचं. गाड्या लांब झाल्या, फलाट वळणावर असल्याने वाढवता येईना, म्हणून १९६६ मध्ये ते बंद केलं. २००८ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. फलाटावर टाइलच्या जुन्या जाहिराती आहेत, मधे काचेची भिंत आहे, काचेपलीकडून चालू मेट्रो न थांबता जाते. प्रवेश फुकट. बर्लिनच्या नॉर्डबानहोफ स्टेशनात, शहर दुभंगलेलं असताना बंद ठेवलेल्या 'भुताटकीच्या स्टेशनां'वरचं प्रदर्शन स्टेशनाच्याच मधल्या मजल्यावर आहे. गाडी पकडायला निघालेला माणूस जाता जाता पाहू शकतो. न्यूयॉर्कचा मामला मात्र मिश्र आहे. १९०४ चं देखणं सिटी हॉल स्टेशन आतून पाहायचं तर तिथल्या ट्रान्झिट म्युझियमचं सभासद व्हावं लागतं. पण ते म्युझियम स्वतःच ब्रुकलिनमधल्या एका बंद पडलेल्या स्टेशनात १९७६ पासून भरलेलं आहे, आणि रस्त्यावरचा साधा मेट्रोचा जिना उतरून कुणीही माफक तिकिटात आत जातं.

लंडनकडे अशी जागा नाही असं नाही. ऑल्डविचचा फलाट खोल आहे, पण तिकिटघर रस्त्याच्या पातळीवर आहे. जुन्या तिकीटखिडक्या, हिरवट टाइल, जागच्या जागी उभ्या असलेल्या जुन्या लिफ्ट. तिथे यायला ना जिना उतरावा लागतो, ना गाडीची भीती. स्ट्रँडचा जवळचा पट्टा २०२२ मध्ये मोटारींसाठी बंद झाल्यापासून तिथे रोज माणसांची वर्दळ असते. एवढं तिकिटघर आठवड्यातून काही दिवस फुकट उघडं ठेवावं, दोन फलक आणि एक माणूस बसवावा, खालच्या फलाटाच्या फेऱ्या हव्या तर तिकिटावर चालू द्याव्यात. यात म्युझियमचं नुकसान होईल असं मला वाटत नाही. उलट वरचं पाहिलेला माणूस खालचं तिकीट काढेल.

दुसरी जागा क्लॅपम साउथ. युद्धात सरकारने आठ खास खोल निवारे खोदले, त्यातला हा एक, आठ हजार माणसांचा. ते १९४२ पर्यंत तयार झाले, पण त्यातले पाचच लोकांसाठी उघडले, तेही १९४४ च्या जुलैत, उडते बॉम्ब पडू लागल्यावर. म्हणजे लोकांसाठी बांधलेलं भुयारही लोकांना दोन वर्षं बंदच. (क्लॅपममधल्याच दुसऱ्या एका भुयारात काही वर्षांपूर्वी दिव्यांच्या उजेडात पालेभाजी पिकवली जात होती. रिकाम्या जागेला काम मिळालं की ती टिकते.) १९४८ च्या जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' बोटीने कॅरिबियन बेटांवरून आलेल्या ज्या लोकांची कुठेच सोय नव्हती अशा दोनशेहून अधिक जणांना याच निवाऱ्याच्या बंकांवर झोपवलं. जवळचं रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर होतं. काम तिथे मिळालं, म्हणून खोल्याही तिथेच शोधल्या, आणि ब्रिक्स्टन ही ब्रिटनमधल्या कॅरिबियन लोकांची राजधानी होण्यात या योगायोगाचा मोठा वाटा आहे. हे बंक अजून आहेत. त्यांच्यापर्यंत जायला सुमारे १८० पायऱ्या उतराव्या लागतात, तेव्हा सगळ्यांसाठी खुलं ठेवणं इथे जमणार नाही.

पण प्रत्येक फेरीतल्या काही जागा ट्यूबच्या साध्या भाड्याइतक्या किमतीत देणं सहज जमेल, आणि त्या आधी ब्रिक्स्टन, क्लॅपम, बेथनल ग्रीन अशा भागांतल्या शाळांना आणि रहिवाशांना, उरल्या तर सोडतीने बाकीच्यांना. तूट भरायला चित्रीकरणाच्या भाड्यातला ठरावीक वाटा बाजूला काढावा. याला ना नवा कायदा लागतो, ना सरकारी अनुदान. म्युझियम आणि ट्यूबचं व्यवस्थापन एका टेबलाशी बसलं तर पुढच्या हंगामाची तिकिटं विक्रीला निघायच्या आत हे ठरू शकतं.